चव्वेचाळिशी ओलांडलेली बाई

आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतात. कोलंबियाच्या अँतिओकिया प्रांतातल्या काही घरांना ही म्हण लागू पडत नाही. तिथे चाळिशीतच सुरुवात होते. तोच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा विचारला जातो, शेतावरून आलेला माणूस पुन्हा शेतावर निघतो, पोराला भावाच्या नावाने हाक मारली जाते. पन्नाशीला माणूस परावलंबी होतो आणि साठीच्या आसपास जातो. गावाकडच्या स्पॅनिशमध्ये याला ‘ला बोबेरा’ म्हणत, म्हणजे खुळेपणा. वैद्यकाच्या भाषेत हा अल्झायमर, पण वेळेआधी येणारा. कुणी म्हणे अमुक झाडाला हात लागला की होतो, कुणी म्हणे पाद्र्याचा शाप आहे.

याच गोतावळ्यातल्या एक बाई सत्तरी गाठेपर्यंत शाबूत राहिल्या. ज्या सदोष जनुकाने त्यांच्या भाऊबंदांना चाळिशीत गाठलं, तेच जनुक त्यांच्याही अंगात होतं. तपासणीत कुठे चूक नव्हती, नमुन्यांची अदलाबदल झालेली नव्हती. २०१९ च्या नोव्हेंबरात ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात त्यांच्यावर शोधनिबंध आला आणि वृद्धापकाळातल्या विस्मरणावर काम करणाऱ्या जगातल्या जवळपास प्रत्येक प्रयोगशाळेत त्यांची चर्चा झाली.

हे प्रकरण त्यांचं. पण सुरुवात नातलगांपासून करायला हवी. ही गोष्ट बहुतेक ठिकाणी ‘नशिबाला चकवणारी आजी’ अशी सांगितली जाते. मला ते अर्धवट वाटतं. सत्तरीत डोकं ठिकाणावर असलेल्या आज्या गल्लोगल्ली असतात. या आजी वेगळ्या आहेत हे कळलं ते त्यांच्या आसपासच्या हजारो माणसांची नोंद कुणीतरी चाळीस वर्षं ठेवली म्हणून.

नोंद ठेवणारे

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा मेदेयीनच्या अँतिओकिया विद्यापीठात मज्जाविकारशास्त्र शिकत होते. तिथे बेलमिरा गावचा, चाळिशीतला एक शेतकरी त्यांच्यासमोर आला. त्याची स्मृती झपाट्याने चालली होती. त्याच्या वडिलांचं तसंच झालं होतं, आजोबांचं तसंच, भावांचंही. तरुण डॉक्टर अशा वेळी साधारणतः ‘घराण्यात आहे’ असं कागदावर लिहून पुढचा रुग्ण बोलावतात. लोपेरा उठून त्याच्या गावी गेले.

पुढे यारुमाल, आंगोस्तुरा अशा आसपासच्या डोंगरी गावांतूनही तशाच कहाण्या आल्या. ही सगळी माणसं एकमेकांची नातलग आहेत की काय, हा प्रश्न सोडवण्याचं काम लुसिया माद्रिगाल या परिचारिकेने अंगावर घेतलं. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी, लग्नाच्या नोंदी, म्हाताऱ्यांच्या आठवणी असं सगळं जुळवत त्यांनी वंशवृक्ष काढले. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांत आपल्या सात पिढ्या सापडतात ना, साधारण तशीच ती कागदपत्रं. फांद्या मागे मागे जात अठराव्या शतकापर्यंत पोचल्या आणि एकमेकींना मिळाल्या. स्पॅनिश वसाहतीच्या काळात आलेल्या एखाद्याच पूर्वजाकडून हा दोष डोंगरात आला असावा, असं पुढच्या जनुकीय अभ्यासातूनही दिसलं.

तो काळही विचारात घ्या. मेदेयीन शहर अमली पदार्थांच्या टोळ्यांच्या ताब्यात होतं आणि खेड्यांत सशस्त्र बंडखोर. रक्ताचे नमुने गोळा करायला गेलेल्या परिचारिकेला बंडखोरांनी काही दिवस ओलीस धरलं होतं. नमुने मात्र गोळा होत राहिले. १९९० च्या दशकात अमेरिकेतले डॉ. केनेथ कोसिक या कामात सामील झाले आणि १९९५ मध्ये, चौदाव्या गुणसूत्रावरचं प्रेसेनिलिन-१ हे जनुक सापडल्यानंतर लगेचच, या कुटुंबाचा दोषही त्याच जनुकात असल्याचं निष्पन्न झालं.

दोष एका अक्षराचा आहे. प्रेसेनिलिन प्रथिनाच्या साखळीत २८० व्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं, तिथे अ‍ॅलनिन बसतं. म्हणून याचं नाव ‘ई२८०ए’ (ई आणि ए ही त्या दोन घटकांची लघुचिन्हं). प्रेसेनिलिन हा एका कात्रीचा भाग आहे. पेशीच्या आवरणात रुतलेलं एक लांब प्रथिन ही कात्री कापते आणि त्यातून अमायलॉइड-बीटाचे तुकडे पडतात. कात्री बिघडली की ४२ कड्यांचा, जास्त चिकट तुकडा प्रमाणाबाहेर पडू लागतो. हे तुकडे मेंदूच्या पेशींबाहेर साचून त्यांची पुटं होतात. नंतर, आणि हे ‘नंतर’ या प्रकरणात फार महत्त्वाचं आहे, पेशींच्या आत टाऊ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचा गुंता होतो. टाऊचा गुंता जिथे पसरतो तिथल्या पेशी मरतात. स्मृती जाते ती तेव्हा.

एका पालकाकडून दोष आला तरी पुरे. म्हणजे बाधित आईचं किंवा बापाचं प्रत्येक मूल जन्मतः छापा-काट्याला सामोरं जातं.

आज या गोतावळ्यातल्या सुमारे ६,००० माणसांची नोंद आहे आणि त्यांपैकी सुमारे १,२०० जणांत ई२८०ए आहे. एकाच ठिकाणी, एकाच दोषाची इतकी माणसं जगात इतरत्र नाहीत. त्यामुळे इथे एक गोष्ट शक्य झाली जी पुण्या-मुंबईत वा बॉस्टनमध्ये होऊ शकत नाही: आजार कधी येणार ते आधी सांगता येतं. दोष असलेल्यांत विस्मरणाची पहिली ठोस लक्षणं दिसण्याचं मध्यक वय ४४ आणि डिमेन्शियाचं, म्हणजे रोजचे व्यवहार स्वतः करता येऊ नयेत इतक्या स्मृतिभ्रंशाचं, ४९. चार-पाच वर्षं इकडे तिकडे, पण आकडा इतका घट्ट की त्याच्यावर औषधाच्या चाचण्या बेतल्या गेल्या.

आकडा घट्ट होता म्हणूनच त्यातून निसटलेली व्यक्ती डोळ्यांत भरली.

बॉस्टनचं स्कॅन

अंगात दोष आहे पण साठी उलटली तरी लक्षणं नाहीत, अशी माणसं संशोधक मुद्दाम शोधत होते. या बाई त्यांत सापडल्या. अपेक्षित वयाच्या जवळपास तीन दशकं पुढे जाऊनही त्या आपलं घर, आपला व्यवहार स्वतः बघत होत्या. ७२ च्या सुमारास सौम्य विस्मरण सुरू झालं, तेही अलीकडच्या गोष्टींपुरतं. त्यांना बॉस्टनला मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये नेण्यात आलं. तिथल्या मज्जामानसशास्त्रज्ञ डॉ. याकील किरोझ मूळच्या कोलंबियाच्या, लोपेरांच्याच हाताखाली तयार झालेल्या.

अमायलॉइड दाखवणारं पेट स्कॅन झालं तेव्हा अपेक्षा काय असणार? मेंदू स्वच्छ असेल, कात्री कशीतरी सुधारली असेल. झालं उलटं. मेंदू अमायलॉइडने गच्च भरलेला होता. ज्या नातलगांची स्मृती चाळिशीत गेली त्यांच्यापेक्षाही जास्त. तीस वर्षं जास्त जगल्या म्हणजे तीस वर्षं जास्त साचणारच, हे नंतर सुचलेलं शहाणपण. स्कॅन बघताना तसं कुणाला सुचलं नसावं.

दुसरं स्कॅन टाऊचं. इथे चित्र फिरलं. टाऊ होता, पण बेताचा, आणि असायचा तिथे नव्हता. अल्झायमरमध्ये टाऊ सहसा कानशिलाच्या आतल्या बाजूला, स्मृतीच्या दारापाशी सुरू होतो आणि तिथून पसरतो. या बाईंच्या मेंदूत तो मुख्यतः मागे, दृष्टीच्या भागात होता. ग्लुकोज वापरण्याची मेंदूची क्षमताही बऱ्यापैकी टिकून होती.

म्हणजे पहिली पायरी पूर्ण झालेली आणि दुसरी जवळपास झालेलीच नाही.

या निष्कर्षाचा दोन्ही बाजूंनी गैरवापर होतो. अमायलॉइडवर विश्वास नसलेले म्हणतात, ‘बघा, पुटं एवढी आणि बाई ठणठणीत, म्हणजे अमायलॉइड निरुपद्रवी.’ पण त्याच घराण्यात, त्याच एका अक्षराने वाढलेल्या अमायलॉइडने शेकडो माणसांना चाळिशीत आडवं केलं, ते कुठे गेलं? ते निर्दोष नाही. दुसरीकडे, फक्त अमायलॉइड धुऊन काढलं की झालं, असं मानणाऱ्यांनाही ही बाई अडचणीत आणते. सगळं अमायलॉइड जागच्या जागी ठेवून त्यांच्या मेंदूने निभावलं होतं. मला यातून एवढंच दिसतं की अमायलॉइड आणि टाऊ यांच्यामध्ये एक सांधा आहे आणि या बाईंच्या शरीरात तो सांधा निखळलेला होता. कशाने?

नाव न्यूझीलंडचं

त्यांच्या जनुकसंचातले प्रथिन घडवणारे सगळे भाग वाचून काढले गेले. बॉस्टनच्या शेपेन्स नेत्रसंशोधन संस्थेतले डॉ. जोसेफ आर्बोलेदा-वेलास्केझ या कामात आघाडीवर होते. (किरोझ आणि आर्बोलेदा-वेलास्केझ हे पती-पत्नी.) एक दुर्मीळ बदल ठळकपणे पुढे आला, तोही दोन्ही प्रतींत: एपीओई जनुकावरचा ‘क्राइस्टचर्च’ बदल.

नावावरून चर्चशी, मिशनशी संबंध जोडू नये. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात १९८७ मध्ये एका रुग्णाच्या रक्तात तो प्रथम सापडला, म्हणून ते नाव. तो रुग्ण विस्मरणाचा नव्हता. त्याच्या रक्तात चरबी साचत होती. एपीओई प्रथिनाचं मूळ कामच ते: रक्तातली आणि मेंदूतली चरबी गोण्यांत भरून योग्य दारापाशी पोचवणं. २९९ कड्यांच्या या प्रथिनात १३६ व्या जागी आर्जिनिनऐवजी सेरिन आलं की हमाल दारावरची कडी नीट पकडू शकत नाही. माल रस्त्यातच राहतो. आपल्या बाईंच्या रक्तातही नेमका तोच चरबीचा विकार सापडला. हा तपशील मला फार बोलका वाटतो, कारण निदान एका बाबतीत तरी हा बदल त्यांच्या शरीरात खरोखर काम करत होता याचा तो स्वतंत्र पुरावा होता.

आता ती ‘कडी’ काय आहे ते बघू. पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या लांब शेपट्या असलेले रेणू असतात, हेपरान सल्फेट नावाचे. एपीओई त्यांना धरतं. आणि एका पेशीतून दुसरीत पसरणारा टाऊही आत शिरायला त्यांचाच आधार घेतो. प्रयोगशाळेत तुलना केली तेव्हा एपीओईचा धोकादायक समजला जाणारा ई-४ प्रकार या शेपट्यांना सगळ्यांत घट्ट धरताना दिसला, ई-३ त्याहून सैल, ई-२ आणखी सैल आणि क्राइस्टचर्च सर्वांत सैल. वृद्धापकाळातल्या अल्झायमरचा धोकाही याच क्रमाने उतरतो. ही माळ इतकी सुंदर जुळते की संशय यावा. पण ती जुळते खरी.

ई-२ बद्दलही एक दुवा आहे. याच गोतावळ्याच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ई२८०ए सोबत ई-२ असलेल्यांमध्ये आजार सुमारे १२ वर्षं उशिरा आल्याचं दिसलं होतं. म्हणजे एपीओईच्या दिशेला बोट आधीच दाखवलं गेलेलं होतं. या बाईंनी तिकडे दिवा धरला.

आणखी एक गोष्ट. इतका दुर्मीळ बदल दोन्ही प्रतींत यायचा तर आई आणि वडील दोघांकडेही तो हवा. डोंगरातली मोजकी गावं, पिढ्यान्‌पिढ्या आपसातच सोयरिक, त्यामुळे दोष जसा एकवटला तसं कवचही एकवटलं. जातीतल्या जातीत लग्नं करणाऱ्या आपल्या समाजांना ही रचना परकी नाही. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या २०१७ च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ समाजगटांपैकी ८१ गटांत असं एकवटलेपण फिनलंडच्या लोकांपेक्षा किंवा अश्केनाझी ज्यूंपेक्षाही जास्त आढळलं. आपल्याकडच्या अशा वंशवृक्षांमागे कुणी चाळीस वर्षं लागलं, तर काय काय हाती येईल देव जाणे.

एका माणसावरून किती बोलायचं?

इथे थांबून खडूस प्रश्न विचारायला हवेत. एका माणसाच्या जनुकसंचात दुर्मीळ बदल अनेक असतात. त्यांतला ठळक एक उचलला आणि त्याला श्रेय दिलं, असं तर झालं नाही? दुसरं एखादं जनुक, आहार, कष्टाची सवय, निव्वळ योगायोग यांपैकी काहीच पूर्ण बाद करता येत नाही. २०१९ च्या निबंधाच्या लेखकांनीही ते नाकारलेलं नाही. उलट त्यांनीच एक गैरसोयीची नोंद दिली होती: घराण्यातले चार जण असे सापडले ज्यांच्याकडे ई२८०ए आणि क्राइस्टचर्चची एकच प्रत होती, आणि ते सगळे सरासरी पंचेचाळिशीत विस्मरणाकडे गेले होते. मग एका प्रतीचा उपयोग शून्य, असंच तेव्हा वाटलं.

पुढे दोन वाटांनी तपास झाला.

पहिली उंदरांची. सेंट लुईसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात डेव्हिड होल्ट्झमन यांच्या गटाने मानवी क्राइस्टचर्च जनुक आणि भरपूर अमायलॉइड असलेले उंदीर तयार केले, त्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या रुग्णांकडून मिळालेला टाऊ टोचला आणि तो किती पसरतो ते पाहिलं. कमी पसरला. पुटांभोवती जमणाऱ्या मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूच्या सफाई कामगार पेशी, जास्त तत्परतेने वागताना दिसल्या. हे २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झालं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे हे दरवेळी सांगावं लागतं. तरी इथे प्रश्न नेमका होता आणि उत्तरही त्याच दिशेचं आलं.

दुसरी वाट पुन्हा अँतिओकियातली. नोंदवहीत परत जाऊन ई२८०ए असलेल्या १,०७७ जणांतून क्राइस्टचर्चची एक प्रत बाळगणारे २७ जण शोधले गेले. जून २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आला. या २७ जणांत स्मृतीची घसरण सुरू होण्याचं मध्यक वय ५२, तर क्राइस्टचर्च नसलेल्या तुलनागटात ४७. डिमेन्शियाचं वय ५४ विरुद्ध ५०. (तुलनागट वेगळ्या रीतीने निवडलेला असल्याने हे ४७ आणि आधीचं ४४ एकमेकांसमोर ठेवू नयेत.) चार माणसांवरून ‘उपयोग शून्य’ वाटलं होतं, सत्तावीस जणांनी ते पाच वर्षांवर आणलं. सत्तावीस हाही काही मोठा आकडा नव्हे, आणि डिमेन्शियाच्या वयांतल्या फरकाला अनिश्चिततेच्या मर्यादा बऱ्याच रुंद आहेत. पण नेमक्या याच कारणासाठी मला हा अभ्यास पहिल्या निबंधापेक्षा मोलाचा वाटतो. त्यात चमत्कार नाही, चार-पाच वर्षं आहेत. नातवंडाला शाळेत सोडायला जाणारी चार-पाच वर्षं.

दरम्यान त्याच घराण्यात दुसरं उदाहरण सापडलं होतं. एक पुरुष ६७ व्या वर्षापर्यंत शाबूत, ७० ला सौम्य विस्मरण, ७२ ला डिमेन्शिया, ७४ ला मृत्यू. त्याच्याकडे क्राइस्टचर्च नव्हतं. त्याच्या रीलिन नावाच्या जनुकात बदल होता. मे २०२३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्याच्याही मेंदूत अमायलॉइड भरपूर. टाऊही एकूण बराच, पण स्मृतीच्या दारापाशी, एंटोऱ्हायनल भागात मात्र फारच कमी. रीलिन आणि एपीओई मेंदूत काही ठिकाणी एकाच कुलपासाठी झगडणाऱ्या दोन किल्ल्या आहेत. दोन वेगळी माणसं, दोन वेगळी जनुकं, आणि दोघंही एकाच दारापाशी सापडली, हा योगायोग मानायला मी तयार नाही. त्याच्या बहिणीकडेही तोच रीलिनचा बदल होता. तिला मात्र ५८ ला विस्मरण आलं. घराण्याच्या मानाने उशीर, भावाच्या मानाने लवकर. म्हणजे कवच सगळ्यांना सारखं बसत नाही.

शेवट कसा झाला

बाईंच्या बाबतीत ‘आजार झालाच नाही’ असं जे सांगितलं जातं ते खरं नाही. शेवटच्या काही वर्षांत त्यांची स्मृती ढासळत गेली आणि डिमेन्शियाची पायरीही त्यांनी गाठली. २०२० मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्या गेल्या त्या मात्र त्वचेच्या कर्करोगाने, मेलानोमाने. कुटुंबाने मेंदू दान केला. अँतिओकिया विद्यापीठाच्या मेंदूपेढीत तो आला आणि जर्मनीतल्या हँबुर्गच्या संशोधकांनीही त्याचा अभ्यास केला.

२०२२ मध्ये शवविच्छेदनाचे निष्कर्ष आले. स्कॅनने जे सांगितलं होतं ते काचेवरच्या कापांत प्रत्यक्ष दिसलं. या घराण्यात सहसा ज्याची दैना होते तो मेंदूचा पुढचा भाग आणि हिप्पोकॅम्पस तुलनेने वाचलेले होते, आणि टाऊचा खरा मारा मागच्या, दृष्टीच्या भागावर झालेला होता. म्हणजे या बाईंचं कवच म्हणजे टाऊला मज्जाव नव्हता. तो आला, पण उशिरा आणि आडवाटेने. ७२ व्या वर्षी सुरू झालेलं त्यांचं विस्मरण दुसऱ्या कुठल्याही घरात असतं तर कुणी भुवई उंचावली नसती.

आपल्या घरातलं विस्मरण

लेख इथे आला की वाचक विचारतो: माझी आई ७८ ची आहे, हल्ली विसरते, माझं जनुक तपासू का?

ई२८०ए आणि वृद्धापकाळातला अल्झायमर यांत एक मोठा फरक आहे. ई२८०ए हा जवळपास निकाल असतो. त्या उलट एपीओईचा ई-४ प्रकार ही फक्त शक्यता वाढवणारी गोष्ट. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या अ‍ॅलन रोझेस यांच्या गटाने तो दुवा जोडला. युरोपीय वंशाच्या लोकांत ई-४ ची एक प्रत धोका सुमारे तिप्पट करते, दोन प्रती कितीतरी जास्त. पण ई-४ असून नव्वदीपर्यंत गणितं सोडवणारे असतात आणि ई-४ नसताना डिमेन्शिया होणारेही पुष्कळ. हा धोका सगळ्या वंशांत सारखाही नाही. आफ्रिकी वंशाच्या लोकांत तो सौम्य दिसतो.

भारताचा विचार करता हरियाणातल्या बल्लभगढचा अभ्यास आठवतो. तिथल्या खेड्यांतल्या वृद्धांची अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या मोनोंगहेला खोऱ्याशी तुलना झाली. २००० मध्ये आलेल्या निष्कर्षात, बल्लभगढला ई-४ चं प्रमाण कमी होतं, अल्झायमरही कमी होता, पण ई-४ आणि आजार यांचं नातं दोन्हीकडे सारखंच मजबूत होतं. आजार ‘कमी’ म्हणजे नगण्य नव्हे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचं वृद्धांचं जे मोठं सर्वेक्षण आहे, लासी, त्याला जोडून झालेल्या डिमेन्शियाच्या पाहणीवरून देशात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये पुढे आला. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. त्यांतल्या बहुतेकांच्या घरी ‘वय झालं आता’ एवढंच निदान झालेलं असतं.

तपासणीबद्दल माझं मत: चाळिशी-पन्नाशीत विस्मरण आलेली माणसं घरात पिढ्यान्‌पिढ्या असतील तर जनुकीय समुपदेशकाकडे जरूर जावं. अठ्ठ्याहत्तरीतल्या आईसाठी म्हणून स्वतःचं ई-४ बघायची घाई करू नये. त्याआधी तिचं बी-१२, थायरॉइड, कान आणि रात्रीच्या गोळ्या तपासाव्यात. यांतलं काहीही स्मृती बिघडवू शकतं आणि बरंचसं सुधारता येतं. ई-४ ला महत्त्व येतं ते अमायलॉइड काढणारी नवी औषधं द्यायची असतील तेव्हा. लेकॅनेमॅबसारख्या औषधाने मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका ई-४ च्या दोन प्रती असलेल्यांत सर्वाधिक असतो, म्हणून औषधापूर्वी जनुक तपासायला सांगतात.

अँतिओकियात मात्र ‘माहीत करून घ्यावं का’ हा प्रश्न फार वेगळ्या वजनाचा आहे. २०१२ मध्ये तिथे क्रेनेझुमॅब या औषधाची चाचणी जाहीर झाली. लक्षणं यायच्या आधीच औषध द्यायचं, अशी कल्पना. घराण्यातल्या २५२ जणांनी भाग घेतला. अडचण अशी की फक्त दोषवाल्यांनाच बोलावलं तर बोलावणं म्हणजेच निकाल. मग दोष नसलेल्यांनाही घेतलं, त्यांना गुपचूप नुसतं बिनऔषधी इंजेक्शन दिलं. शेजारी शेजारी बसलेल्या दोन भावंडांपैकी कुणाच्या नशिबी काय आहे हे सुई टोचणाऱ्यालाही माहीत नव्हतं. वर्षानुवर्षं हे लोक डोंगर उतरून येत राहिले. दोष नसलेले, ज्यांना या औषधाचा काडीचाही उपयोग नव्हता, तेही. २०२२ च्या जूनमध्ये निकाल आला: औषधाने ठोस फरक पडला नाही.

डॉ. लोपेरा सप्टेंबर २०२४ मध्ये गेले. नोंदवही चालू आहे.

आता एक साधं गणित. क्राइस्टचर्च ज्या बाईच्या दोन्ही प्रतींत आहे तिच्या प्रत्येक मुलाला त्याची एक प्रत मिळतेच, त्यात छापा-काटा नाही. छापा-काटा ई२८०ए चा. तो बाजूने पडला तर प्रश्नच मिटला. विरुद्ध पडला तर त्या मुलाला आईचं पूर्ण कवच मिळणार नाही, अर्धं मिळेल, आणि त्या अर्ध्याचं माप सध्या तरी सत्तावीस जणांवरून काढलेलं आहे: सत्तेचाळिशीच्या ऐवजी बावन्नच्या आसपास.